उसाला ए.आय.? ते तर गाईला करतात!

मंडळी, उसाच्या शेतात ए.आय. आल्याची बातमी तुम्ही वाचली असेलच. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं २०२४ पासून हा प्रयोग शेतकऱ्यांच्या वावरात नेला. जमिनीत सेन्सर, बांधावर हवामानाचं यंत्र, वरून उपग्रहाची नजर. या सगळ्याचा हिशेब करून कधी आणि किती पाणी द्यायचं ते मोबाईलवर येतं. एका गावी पारावर ही बातमी मोठ्यानं वाचली गेली. ऐकणाऱ्यांतले एक तात्या म्हणाले, "ए.आय. तर आमच्या जर्सीला मागच्या महिन्यात केलं. उसाला कुठून करणार?"

पार हसून लोटपोट. पण तात्यांचं काय चुकलं? आमच्या खात्यात, पशुधनाच्या दवाखान्यात, दूध संघात वर्षानुवर्षं ए.आय. म्हणजे कृत्रिम रेतनच. हे नवं ए.आय. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. हशा ओसरला तसं तात्यांनी दुसरं विचारलं, "गाईचं ए.आय. फेल गेलं तर डॉक्टर पुन्हा येतो. उसाचं फेल गेलं तर कोण येणार?" आता कोणी हसलं नाही. मी सांगितलं की मोबाईलचा सल्ला ऐका, पण मूठभर माती हातात घेऊन वाफसा आहे का हे बघायचं सोडू नका. सेन्सर एका जागी पुरलेला असतो आणि तुमच्या एका एकरात वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला काळी असते.

विज्ञानाची बातमी गावात पोचली की तिच्यावर असा एक तरी शेरा पडतोच. पेपर वाचणारा एक, ऐकणारे दहा आणि शेरा मारणारा अकरावा. हे शेरे मी माझ्या डायरीत टिपून ठेवतो. वरिष्ठ म्हणतात, अहवाल लिहा, विनोद कसले लिहिता? पण खरं सांगू, शिवारात काय अडतंय ते अहवालापेक्षा या शेऱ्यांतून लवकर कळतं. आज त्यातले थोडे तुमच्यापुढं ठेवतो. तुमच्या गावचाही एखादा निघेल.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. २३ तारखेला संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्याच महिन्यात पावसानं अशी दडी मारली की १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीन फुलात होतं आणि दुपारी माना टाकत होतं. दोन-चार दिवसांनी बातमी आली की चंद्राच्या मातीचं तापमान वर ५० अंशांच्या आसपास आणि आठ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. एक आजी म्हणाल्या, "वर भाकरी भाजावी नि चार बोटं खाली बर्फ! तिथं पेरणार तरी काय?" मग चंद्राच्या मातीत गंधक सापडल्याची बातमी आली. त्यावर एका भाऊंचा शेरा डायरीत जसाच्या तसा आहे: "चंद्रावरची माती तपासायला रॉकेट गेलं, माझ्या वावरातली माती तालुक्याला न्यायला कोणी येईना."

हा शेरा आम्हाला होता, आणि लागला. पण भाऊ, गंधकाचा मुद्दा तुमच्याच कामाचा आहे. सोयाबीन, भुईमूग, करडई या तेलबियांना गंधक लागतं. वर्षानुवर्षं नुसतं डी.ए.पी. टाकलं तर ते मिळत नाही, कारण डी.ए.पी.त ते जवळजवळ नसतंच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदासोबत सुमारे ११ टक्के गंधक येतं. तेव्हा माती तपासायला द्याल तेव्हा नत्र-स्फुरद-पालाशावर थांबू नका, गंधकाचा आकडाही मागून घ्या.

कृत्रिम पावसावरचे शेरे गोळा करायचे तर वेगळी वही लागेल. राज्यात २००३, २०१५ आणि २०१९ साली हे प्रयोग झाले. २०१५ साली औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमानं उडाली. ढगात मिठासारख्या क्षारांचे कण सोडतात हे ऐकून एक काका म्हणाले, "वावरात मीठ पडलं तर जमीन खारवते म्हणता. मग ढग खारवत नाही का?" नाही खारवत, काका. कण अगदी बारीक आणि ढगाच्या मानानं नगण्य असतात. त्यांच्याभोवती बाष्प जमतं आणि थेंब मोठा होतो, एवढंच त्यांचं काम. दुसरा शेरा अधिक तिखट होता: "बी आमच्या ढगात, पीक शेजारच्या तालुक्यात." यात तथ्य आहे, कारण ढग तालुक्याची हद्द मानत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर भागात २७६ ढगांवर अभ्यास केला. त्यात बीजारोपण केलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. म्हणजे आहे त्या पावसात भर पडते. ढगच नसेल तर विमान नुसतं फिरून येतं. कोणी निवडणुकीच्या सभेत विमानानं दुष्काळ हटवतो म्हणालं तर आधी ढग कुठाय ते विचारा.

आता कापसाकडं वळू. हा शेरा मला सगळ्यांत महाग वाटतो.

बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. पुढं बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट येऊ लागलं. त्यात बिगर बीटी सरकी होती आणि ती कडेनं लावायची होती. का, तर अळीला तिथं खायला मिळावं. यावर गावोगाव जो हशा झाला तो आजही कानात आहे. "अळी मारायला हजार रुपये द्यायचे आणि वर अळीला जेवणावळ घालायची!" एक मामा म्हणाले, "पंगतीला वाढपी पण पाठवता का?" छोटं पाकीट मग कुणी उकिरड्यावर टाकलं, कुणी पेरलंच नाही. विकणाऱ्यांनीही फार समजावून सांगितलं नाही. पाकिटावर माहिती होती, पण ती एवढ्या बारीक अक्षरात की वाचायला भिंग लागावं.

जेवणावळ कशासाठी होती ते आता सांगतो. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की तिला बीटीचं विष लागत नाही. ती जगते आणि तिचा पतंग होतो. कडेच्या साध्या कपाशीवर विषानं मरणाऱ्या जातीचे पतंग भरपूर तयार झालेले असले, तर या एकट्या दांडगटाचं लग्न त्यांच्यातच लागतं. पुढची पिल्लं बहुतेक विषाला बळी पडणारी निघतात. कडेला कपाशीच नसेल तर दांडगट दांडगटाशीच सोयरीक करतो आणि सगळा वंश दांडगट होतो. गुलाबी बोंडअळीचं हेच झालं. त्यात फरदड घेऊन आपण मार्च-एप्रिलपर्यंत कपाशी उभी ठेवली, म्हणजे अळीच्या मुक्कामाची सोय केली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडून बघितली तर आत कापसाऐवजी अळी होती. त्या वर्षी पंगतीचा विनोद कुणी काढला नाही.

आता वेगळं पाकीट येत नाही, बिगर बीटी बी पाकिटातच मिसळून येतं. पण फरदड आणि पऱ्हाट्यांच्या गंजी तुमच्याच हातात आहेत. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली असं समजा. सापळ्यात मादीचा वास ठेवलेला असतो आणि नर त्याला भुलून येतो, हे मी एका बैठकीत सांगितलं. मागून आवाज आला, "म्हणजे स्थळ बघायला आला नि अडकला!" अगदी बरोबर. या विनोदामुळं त्या गावात सापळे लागले, माझ्या भाषणामुळं नव्हे.

नॅनो युरियाची बातमी २०२१ सालची. ४५ किलोच्या पोत्याचं काम अर्ध्या लिटरच्या बाटलीत होईल, असं सांगितलं गेलं. पोतं डोक्यावरून वाहायचं सुटलं म्हणून तरुण पोरं खूष झाली. पण एका आजींनी जे विचारलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं: "समदं बाटलीतच आलं तर रिकामी पोती कुठनं आणायची? ज्वारी कशात भरू? पावसात डोक्यावर खोळ कशाची घेऊ?" युरियाचं रिकामं पोतं हे घरातलं भांडंच आहे, हे शहरातल्या शास्त्रज्ञाला कसं सुचावं?

त्याच गावात दहावीपर्यंत शिकलेल्या एका पोरानं खडूनं भिंतीवर हिशेब मांडला. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात वीस किलो सातशे ग्रॅम. सुरुवातीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे ५०० मिलीत वीस ग्रॅम. त्यानं विचारलं, "साहेब, वीस किलो आणि वीस ग्रॅम. मधले तीन शून्य कुठं गेले?" सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. हिशेबात एक काना-मात्रा चुकलेली नव्हती.

कंपनीची बाजूही ऐका. जमिनीत टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतं, काही पाण्यासोबत वाहून किंवा झिरपून जातं. पानावर फवारलेले सूक्ष्म कण थेट पानात जातात म्हणून थोड्यात भागतं, असा त्यांचा दावा. नासाडीची गोष्ट खरी आहे. पण पोत्यातलं दोन तृतीयांश वाया गेलं असं धरलं तरी सहा-सात किलो उरतंच, आणि बाटलीतलं सगळं लागू पडलं तरी वीस ग्रॅमच. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रयोग केले. त्यात निम्मा युरिया कमी करून नॅनो फवारला, तर भात आणि गहू दोन्हीचं उत्पादन घटलं. २०२४ मध्ये जास्त नत्राची नवी बाटली आली, पण तिच्यातलं नत्रही ग्रॅमातच मोजायचं आहे. तेव्हा फवारायचा तर वरखताला जोड म्हणून फवारा, पण बाटलीच्या भरवशावर पोतं बंद करू नका. करून बघायचंच असेल तर गव्हाचे दोन वाफे वेगळे काढा आणि मळणीला दोन्हींचं वजन वेगळं करा. आणि बाटली घेतली तरच पोतं देतो असं दुकानदार म्हणाला, तर त्याला लिंकिंग म्हणतात. ते नियमात बसत नाही. पावती घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ड्रोनवर थोडंच लिहितो. नमो ड्रोन दीदी योजना २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली, देशातल्या १५,००० महिला बचत गटांसाठी. प्रात्यक्षिकाला दहा लिटर पाण्यात एकर झाला तेव्हा एक आण्णा म्हणाले, "दहा लिटरात माझी अंघोळ होत नाही!" इथं ध्यान द्या. पाणी कमी झालं तरी एकरी औषध तेवढंच लागतं, म्हणजे द्रावण कितीतरी पट कडक असतं. टाकी भरणाऱ्या ताईनं हातमोजे-मास्क घातलेच पाहिजेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नका. ड्रोननं माणूस फवाऱ्याच्या धुक्यातून बाहेर येतो, हा त्याचा मोठा फायदा. पण ते धुकं वाऱ्यानं जातं. एका बाईंनी तिथंच विचारलं, "माझी तुती बांधाला लागून आहे. माझे किडे मेले तर ड्रोन भरून देणार का?" रेशीम अळीला कीटकनाशकाचा वासही पुरे होतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी साहेब (गाव अजून तुम्हाला ग्रामसेवकच म्हणतं), ड्रोन यायच्या आदल्या दिवशी दवंडी द्या, ग्रुपवर मेसेज टाका. तुती कुठं, मधाच्या पेट्या कुठं, हे उडवणाऱ्याला आधी दाखवा.

शेवटी दामिनीचं. हे मोबाईलवरचं ॲप पुण्याच्या त्याच हवामान संस्थेचं. तुमच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याचा धोका असला तर ते कळवतं. एका गावी दुपारी चारला मेसेज आला आणि एक बापू तडक विहिरीकडं निघाले. कशाला? "मोबाईलवर आलंय, वीज येणार. मोटार चालू करून येतो." आठवडाभर रात्रीची लाईट असलेल्या माणसाला दिवसा वीज म्हटलं की दुसरं काय सुचणार? पोरानं पळत जाऊन त्यांना परत आणलं म्हणून आज हे हसून लिहिता येतं.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगताना 'वीज येणार' म्हणू नका. 'वीज पडणार, घरात बसा' असं म्हणा. मोटारीला, तारेच्या कुंपणाला हात लावू नका. बैलं झाडाला बांधू नका आणि स्वतःही एकट्या झाडाखाली थांबू नका. वावरात सापडलात तर खुरपं-विळा दूर ठेवा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडू नका. मोटार कुठं पळून जात नाही, बापू.