राखण चुकली तर

हुबळीहून धारवाडकडे निघालं की वाटेत नवनगर लागतं. कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ इथलंच. इथली मुलं जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अभ्यासतात, तिच्यातल्या कलम ३९६ मधला एक भाग मी पहिल्यांदा वाचला आणि लगेच पुन्हा वाचला. गुन्हेगाराचा माग लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा वा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. प्राधिकरणानं चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची.

गुन्हा भलत्यानंच केला, मग पैसे सरकारनं का द्यायचे?

उत्तर शोधत गेलो तो थेट नऊशे वर्षं मागे, याच उत्तर कर्नाटकात पोचलो. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत विज्ञानेश्वरानं तिथं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मिताक्षरा म्हटलं की आपल्याला वाटणी आणि वारसाहक्क आठवतो. पण चोरीबद्दलही ती बोलते: राजानं चोराकडून माल मिळवून ज्याचा त्याला द्यावा; ते जमलं नाही, तर स्वतःच्या कोशातून भरून द्यावा. धर्मशास्त्रानं कर हे राखणीचं वेतनच मानलं होतं. वेतन घेतलं आणि राखण चुकली, तर तूट राखणदाराची! तिथं भरपाई मालाची होती. आज ती देहाची आणि जिवाचीही आहे.

आधुनिक कायद्यात हे यायला १९६३ साल उजाडलं, आणि तेही न्यूझीलंडमध्ये. इंग्लंडच्या मार्जरी फ्राय त्याआधी हेच कळकळीनं मांडत होत्या. १९५८ मध्ये त्या गेल्या, त्यांना तो कायदा पाहायला मिळाला नाही. आपल्याकडे जुन्या संहितेतलं कलम ३५७-अ ३१ डिसेंबर २००९ ला लागू झालं, कर्नाटकची योजना २०११ ची. तेच कलम १ जुलै २०२४ पासून ३९६ झालं.

एवढा मोठा हक्क, आणि फार थोड्या घरांना तो ठाऊक आहे. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेला किमान तीन लाख रुपये आणि त्यातला एक लाख पंधरा दिवसांत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बजावलं. अशा रुग्णावर उपचार कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, तत्काळ आणि मोफत करायचे, आणि पोलिसांना लगेच कळवायचं. दारात आलेल्या जखमी बाईकडे आधी पैसे मागायचे नाहीत.