दूरच्या यंत्राची दुरुस्ती

विहिरीवरील पंप बंद पडला म्हणजे कारागीर तो उघडून पाहतो. परंतु जे यंत्र उघडणे दूरच, डोळ्यांनी दिसतही नाही, त्यातील दोष शोधावा कसा? भोपाळ येथील प्रधान नियंत्रण केंद्रातील तंत्रज्ञांचे हे नित्याचे काम होय. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे हे केंद्र २००५ साली सुरू झाले. कर्नाटकातील हासन येथील जुन्या केंद्राच्या जोडीने ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहांवर अहोरात्र लक्ष ठेवते.

उपग्रह आपली प्रकृती स्वतःच कळवीत असतो. विद्युत्‌घटांची स्थिती, निरनिराळ्या भागांचे तापमान, इंधनटाकीतील दाब यांचे आकडे रेडिओलहरींवरून सतत खाली येतात. यास दूरमापन म्हणतात. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला तरी लगेच आज्ञा सोडून चालत नाही, कारण मोजणारे उपकरणच बिघडलेले असण्याचा संभव असतो. म्हणून तो इतर आकड्यांशी व जुन्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. घाई महागात पडते. वर खर्ची पडलेले इंधन पुन्हा भरता येत नाही. इन्सॅट-१ए हा उपग्रह इंधन संपल्यामुळेच ६ सप्टेंबर १९८२ रोजी निकामी झाला. पुढील वर्षी इन्सॅट-१बी कक्षेत गेला, तो त्याचा सौरपंख उलगडेना. दूरदर्शन, दूरध्वनी व हवामानाची छायाचित्रे, सारे त्यावर अवलंबून होते. खालून आज्ञा देत देत सप्टेंबरच्या मध्यास तो पंख उलगडण्यात यश आले.

पंख अडकणे हा अवयवाचा दोष झाला. संगणकातील आज्ञावलीच बिघडली तर काम अधिक नाजूक होते, कारण ज्याला विचारावयाचे तोच आजारी! अमेरिकेने १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाकडून नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक माहिती येऊ लागली. तेथे संदेश पोहोचण्यासच साडेबावीस तास लागत. मार्च २०२४ मध्ये तंत्रज्ञांनी एक आज्ञा पाठविली आणि उत्तरादाखल त्या संगणकाच्या स्मृतीतील सारा मजकूर हाती आला. जुन्या प्रतीशी तो ताडला असता सुमारे ३ टक्के स्मृती निकामी झाल्याचे दिसले. तेथील आज्ञावली सबंध मावेल अशी मोकळी जागा अन्यत्र नव्हती. म्हणून तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी बसविण्याचे व परस्परांशी जुळविण्याचे ठरले. पहिला तुकडा १८ एप्रिल रोजी रवाना झाला. २० एप्रिलला उत्तर आले, आणि पाच महिन्यांनंतर यानाच्या प्रकृतीचे आकडे पुन्हा वाचता येऊ लागले.