खोळंब्यातला धीर

घाटात दरड कोसळून एस.टी. अडकली की आपण चरफडतो. असाच एक खोळंबा बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे.

इ.स. ६० च्या सुमारास संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे गव्हाचे गलबत १४ दिवस वादळात भरकटले. पौलाने भाकर घेऊन देवाचे आभार मानले, सर्वांना जेवायला लावले. मग भार हलका करण्यासाठी गहू समुद्रात टाकला. गलबत फुटले, पण २७६ माणसे माल्टा बेटावर सुखरूप पोचली. तेथे ३ महिने मुक्काम पडला. त्या दिवसांत पौलाने आजाऱ्यांची सेवा केली.

पेरणीनंतर आपणही वाट पाहतो, पण खुरपणी थांबवत नाही. श्रद्धेचा धीर असाच असतो. गाडी खोळंबली, तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला पाणी तरी विचारावे.