भागाकारातली मुंबई

1921 साली मुंबईत दर हजार जन्मांमागे 666 तान्ही मुलं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. त्या वर्षीचे हे मृत्यू घरातल्या खोल्यांनुसार वेगळे करूनही मांडले गेले. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हजारी 133, दोन खोल्यांच्या घरांत 322 च्या आसपास, आणि एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्यांत 828. शहरातल्या राहणीमानाबद्दल इतकं थेट बोलणारा तक्ता माझ्या वाचनात दुसरा नाही.

तो वाचताना मात्र जरा थांबावं लागतं. गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर, आपापल्या गावी जात. बाळ तिकडे जन्मायचं आणि काही महिन्यांनी आईबरोबर परळ-लालबागच्या चाळीत यायचं. इथे ते दगावलं, तर मृत्यू मुंबईच्या खाती पडायचा, जन्म मात्र पडलेला नसायचा. मूल अंशात आहे, छेदात नाही. त्यामुळे एका खोलीचा दर खऱ्याहून जास्त फुगलेला दिसणार. पण एवढ्या एका कारणाने 133 आणि 828 मधलं अंतर भरून निघत नाही. अंधारी, कोंदट खोली मुलांचा जीव घेत होती, हे त्या तक्त्याने सरकारदरबारी कागदावर आणलं.

मुंबईच्या आकड्यांचा मागोवा घेताना मी पुन्हा पुन्हा याच जागी येतो: मोजलं कुणाला आणि भागलं कशाने?

2009 चा मुंबईचा मानव विकास अहवाल हा या वाटेवरचा मोठा टप्पा. तोपर्यंत मुंबई बहुतेकदा एकाच सरासरीत मांडली जायची. या अहवालाने पालिकेचे तेव्हाचे 24 विभाग शेजारी शेजारी ठेवले. मलबार हिल, ग्रँट रोडचा डी विभाग सगळ्यांत वर आणि गोवंडी, मानखुर्द, देवनारचा एम पूर्व तळाशी. एम पूर्वमध्ये हजारी 66 बालमृत्यू. देवनारलाच असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2011 च्या सुमारास या विभागावर मोठं काम हाती घेतलं, ते उगाच नाही.

याच विभागातला माणूस सरासरी 39 वर्षंच जगतो, असा आकडा त्यानंतर वर्षानुवर्षं छापून येत राहिला. हळहळ वाटावी असाच तो आहे, पण तो तपासून घ्यायला हवा. आयुर्मान काढायचं तर प्रत्येक वयोगटात जिवंत माणसं किती, हे माहीत लागतं. नुसत्या मृत्युनोंदींतून निघते ती मरण पावलेल्यांच्या वयाची सरासरी. जिथे तरुण कुटुंबं आणि लहान मुलं जास्त, म्हातारी माणसं थोडी आणि त्यांतलीही काही शेवटी गावी परतणारी, तिथे ही सरासरी खालीच येते. शिवाय कायद्याने मृत्यूची नोंद होते ती जिथे मृत्यू झाला तिथे. गोवंडीतला रुग्ण शीवच्या रुग्णालयात गेला, तर नोंद एफ उत्तर विभागात जाते. एम पूर्वची उपेक्षा खरी आहे, आणि म्हणूनच तिच्या बाजूने उभा केलेला आकडा कुणालाही सहज खोडून काढता येऊ नये.

जनगणनेप्रमाणे 2001 मध्ये मुंबईतले सुमारे 54 टक्के लोक झोपडपट्टीत होते, 2011 मध्ये सुमारे 42 टक्के. ही घट प्रगती म्हणून सांगितली जाते. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेलं कुटुंब झोपडपट्टीच्या रकान्यातून बाहेर पडतं, हे खरंच. पण गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींवर 2018 च्या सुमारास अभ्यास झाला, तेव्हा खालच्या मजल्यांवर, जिथे दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या फटीतून ना ऊन येतं ना वारा, तिथे क्षयरोग अधिक आढळला. पत्ता बदलला, रकाना बदलला. खोलीतली हवा तीच राहिली.

शहरांच्या क्रमवारीवर मी फार वेळ घालवत नाही. केंद्राच्या 2018 च्या जीवनसुलभता निर्देशांकात मुंबई तिसरी होती, 2020 च्या निर्देशांकात मोठ्या शहरांमध्ये दहावी. दरम्यान मोजण्याची रीत बदलली होती, नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन आलं होतं. या दोन क्रमांकांवरून शहर सुधारलं की घसरलं, हे ठरवता येणार नाही.

याउलट जुलै 2020 मधलं रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण. तोवरचे कोविडचे आकडे म्हणजे चाचणीपर्यंत पोचलेल्यांचे आकडे. या सर्वेक्षणात माटुंगा, चेंबूर आणि दहिसरकडच्या तीन विभागांत नमुने निवडून घेतले गेले. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला होता, बाकीच्या वस्तीत 16 टक्क्यांना. एकाच विभागात, रस्त्याच्या अल्याड आणि पल्याड. सार्वजनिक शौचालय आणि दहा बाय दहाची खोली यांचा अर्थ रोगाच्या भाषेत काय होतो, ते पुन्हा एकदा दिसलं.

आणि आज आपण कुठे आहोत? 2021 ची जनगणना झालीच नाही, आता ती 2027 ची म्हणून होते आहे. मधल्या काळात लसीकरण असो, दवाखाने असोत की पाणी, छेदात 2011 ची लोकसंख्या किंवा तिच्यावरून बांधलेला अंदाज धरावा लागला. शहर तर त्याआधीपासूनच हलत होतं: 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्हा 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर उतरला, उपनगर जिल्हा 86 लाखांवरून 93 लाखांच्या पुढे गेला. त्यानंतर किती घरं तुटली, किती मनोरे उठले, कोण माहुलला गेलं आणि कोण विरारला, हे अंदाजात कसं मावणार?

जनगणनेतून छेद मिळेल तेव्हा मिळेल. अंश मात्र पालिकेकडे आत्ताही आहे. मृत्यूच्या नोंदीत राहण्याचा पत्ताही विचारलेला असतो. त्या पत्त्यांवरून वस्तीवार मृत्यू, वय आणि कारण लावून दरवर्षी प्रसिद्ध करता येतील. नावं गाळूनही हे होतं, आणि त्यासाठी 2027 ची वाट पाहायची काहीच गरज नाही.