कोतवाल बुकात सापडणारे आपले पूर्वज

जून-जुलै आला की आर्णीत आमच्याकडे येणाऱ्या पोरापोरींचा प्रश्न ठरलेला असतो : "१९५० च्या आधीचा पुरावा कुठून आणू?" अनुसूचित जातीच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद मागतात. घरात वडिलांची टीसी असते. फार तर आजोबांचा शाळेचा दाखला असतो, तोही १९५६ नंतरचा, 'बौद्ध' लिहिलेला. त्यामागे काहीच नसते.

मागच्या वर्षी अशाच एका मुलीच्या घरी आम्ही वंशावळ लिहायला बसलो. आजोबांपर्यंत नावे भराभर आली. पणजोबांचे नाव विचारले तर घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या आजीला बोलावले. तिने नाव सांगितले, पण गावात त्यांना त्या नावाने कोणी हाक मारत नव्हते, हेही सांगितले.

सवर्ण घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत त्यांच्या पिढ्यान् पिढ्या सापडतात. काळाराम मंदिरात पाऊल टाकण्यासाठी ज्यांना १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांनी उपाध्यांच्या वह्यांवर किती भिस्त ठेवायची? पण म्हणून आपली नोंदच कुठे नाही, हा समज खोटा आहे. नोंद आहे. ती दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कामासाठी केली, एवढेच.

आपल्याकडे पहिले पाहायचे ते कोतवाल बुक. पश्चिम महाराष्ट्रात गाव नमुना १४ जे काम करतो, ते विदर्भात या वहीने केले : गावातले जन्म आणि मृत्यू. आणि गंमत अशी, की कोतवालकी बहुधा आपल्याच समाजाकडे असायची. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची तिरडी उठली, ही बातमी महारवाड्यातल्या माणसाने न्यायची आणि लिहिणाऱ्याने ती वहीत उतरवायची. ही पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. नक्कल मागायची ती लेखी अर्ज करून, गाव आणि अंदाजे साल टाकून. "फाटले, सापडत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. लेखी उत्तर द्यायचे म्हटले की पुष्कळदा कपाट उघडते.

वाचताना मात्र दमाने घ्यावे लागते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेकदा नसतेच. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, बस. आडनावही क्वचितच. म्हणून एकटी नोंद पुरत नाही; भावंडांचा क्रम, गाव आणि वंशावळ यांच्याशी ती जुळवावी लागते. घरात ज्यांना आपण 'महादेवराव' म्हणतो ते वहीत 'माद्या' असू शकतात. लिहिणाऱ्याने आपल्या माणसाला राव म्हणण्याचे कारणच नव्हते. राग येतो, पण शोधताना 'माद्या'च शोधायचा. मृत्यूच्या नोंदीही सोडू नयेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्यप्रांत-वऱ्हाडाला जबर झोडपले. त्या वर्षाची पाने शिल्लक असतील तर एकाच घरातली किती माणसे एकदम गेली, ते तिथे कळू शकते.

दुसरी अडचण तालुक्याची. इंग्रजी अमलात आपल्या जिल्ह्यात यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद एवढेच तालुके होते. आर्णी तालुका नंतरचा. तेव्हा आपले गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात होते ते आधी विचारावे आणि दप्तर तिथेही शोधावे. जुन्या कागदावर 'मध्यप्रदेश' दिसले तर घाबरू नये. १९५० साली यवतमाळ मध्यप्रदेशातच होते, राजधानी नागपूर. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले. म्हणून वरच्या पातळीवरचे सरकारी कागद नागपूरच्या अभिलेखागारात धुंडाळावे लागतात.

शाळेत दाखल-खारीज रजिस्टर मागावे, तेही फक्त आजोबांसाठी नाही. त्यांचे भाऊ, चुलते कोणी शिकले असतील तर त्यांच्यासाठीही. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाची वैधता आधीच झाली असेल, तर ती मोठा आधार ठरते. जमीन होती त्यांनी जुने पेरेपत्रक पाहावे.

मोबाईलवर काय मिळते? शासनाच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन केलेले जुने महसुली कागद आहेत. आपला तालुका आहे का ते पाहावे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी गावोगावचे दप्तर उपसले गेले आणि त्यातली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. कोतवाल बुक जातवार नसते, तारीखवार असते. कुणबी नोंदीसाठी स्कॅन केलेल्या पानावर खालची ओळ आपल्या पणजोबांची असू शकते. मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. नाहीतर पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग असतात, आपल्यातल्या दोघा-चौघांनी ते करावेतच. रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ चा जातींवरचा ग्रंथ इंटरनेटवर फुकट आहे. त्यात महारांवर मोठे प्रकरण आहे, पण ते साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेले. तुमच्या घरातले नाव त्यात मिळणार नाही. थुंकी पाठवून डीएनए तपासणाऱ्या कंपन्यांबद्दल एवढेच, की टक्केवारीला कोणतीही समिती पुरावा मानत नाही.

आणि दलालापासून लांब राहा. रजिस्टरमध्ये नंतर घुसवलेली ओळ शाईवरून, अक्षरावरून पकडली जाते. मग प्रमाणपत्र तर जातेच, मिळालेली जागा जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

काही कार्यकर्ते विचारतात, जी ओळख बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला टाकायला लावली, ती आपण पुन्हा का उकरायची? प्रश्न रास्त आहे. कायद्याचे उत्तर सरळ आहे : १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात सवलती मिळाल्या, त्या धर्मांतरापूर्वीच्या जातीच्या आधारावर. पण आम्हाला दुसरेही एक कारण दिसते. थोरल्या भावाच्या दाखल्यावर 'महार' आणि धाकट्याच्या दाखल्यावर 'बौद्ध', असे दोन कागद आम्ही एकाच घरात शेजारी ठेवून पाहिले आहेत. मधल्या काळात त्या घराने काय केले, हे त्या पोरांना भाषणात ऐकून जेवढे कळले नव्हते तेवढे त्या दिवशी कळले.

त्या मुलीची नोंद चौथ्या खेपेला सापडली. मुलगा, बापाचे नाव, जात महार. शेजारच्या आजीने सांगितलेले हाकेचे नावच तिथे होते. आईचा रकाना नव्हता. पणजीचे नाव, माहेरचे गाव सगळे आजीच्याच तोंडून आले. वंशावळीच्या नमुन्यात तिच्यासाठी जागा नव्हती. मुलीने आपल्या प्रतीवर ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवले.