प्रत्येक प्लगला आपली कॉइल
बॉनेटखाली : लेखांक ६

गळीत हंगामातली पहाट. श्रीरामपूरच्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात आणि इकडे एखाद्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली जपलेली पद्मिनी चालू करण्याचा खटाटोप सुरू असतो. चोक ओढला जातो, सेल्फ मारला जातो. इंजिन दोन-तीनदा गुरगुरते आणि चारपैकी तीनच सिलिंडरवर लंगडत चालू लागते. गॅरेजात नेली की मिस्त्री आवाजावरूनच सांगतो, "मिसिंग करतेय." मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या क्लिपा निघतात, टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसली जाते, पॉइंटच्या तोंडावर पॉलिश पेपर फिरतो, फिलर गेजने फट लावली जाते. अर्ध्या तासात गाडी सुतासारखी सरळ. पहिला पाऊस पडला की पुन्हा तेच.

पॉइंट आणि कंडेन्सर कसे काम करतात ते गेल्या आठवड्यात आले. या लेखांकात तो सगळा संसारच उचलून बाहेर काढायचा आणि चारही प्लगना स्वतंत्र कॉइल द्यायची, म्हणजे नेमके काय करायचे, ते पाहायचे आहे.

उदाहरणाला पद्मिनीच घेण्याला कारण आहे. हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून साखर ओळखणाऱ्या या तालुक्याला ही गाडी तशी परकी नाही. रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तिच्या पॉइंट-कॉइलच्या इग्निशनचा वंश मात्र त्याहून खूप जुना. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅकपर्यंत मागे जाते.

या पद्धतीत कॉइल एकच आणि गिऱ्हाइके चार. इंजिनाचे मिनिटाला चार हजार फेरे होत असतील तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्म्या वेगाने, दोन हजार फेऱ्यांनी फिरतो आणि दर फेऱ्याला चार ठिणग्या वाटतो. मिनिटाला आठ हजार ठिणग्या. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला साडेसात मिलिसेकंद येतात, त्यातही कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असतात जेमतेम पाच मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलने चुंबकीय भरणा करून घ्यायचा, पॉइंट उघडताच तो सोडायचा आणि बारा व्होल्टचे पंचवीस-तीस हजार व्होल्ट करून द्यायचे. वेग वाढला की भरण्याला मिळणारा वेळ आणखी आटतो आणि ठिणगी बारीक होते.

त्यात वाटेतली गळती. कॉइलपासून जाड वायर टोपीच्या मध्यावर येते. तिथून कार्बनच्या टोकामार्फत वीज रोटरवर उतरते, रोटर आणि टोपीच्या कडेच्या खुंट्यांमधली फट उडी मारून ओलांडते आणि मग एचटी (हाय टेन्शन) वायरमधून प्लगपाशी पोहोचते. म्हणजे इंजिनात उपयोगी पडणाऱ्या एका ठिणगीसाठी टोपीच्या आत एक फुकटची ठिणगी पडते. टोपीला दमट हवा लागली, आत केसासारखा तडा गेला किंवा वायरचे आवरण पिकले की वीज जवळचा रस्ता धरते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर जुन्या वायरींभोवती निळसर किरणे खेळताना दिसतात. मिस्त्री लोक वायर बाद आहे की नाही हे असेही ओळखतात.

एका सिलिंडरच्या साध्या मोटारसायकलला ही डोकेदुखी कधीच नव्हती. एक सिलिंडर, एक प्लग, एक कॉइल. वाटायला दुसरा कोणी नाही. पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इग्निशन दिले, तेव्हा तर एकाच सिलिंडरला दोन प्लग आले. प्लगवर कॉइल बसवणे म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीला या बाबतीत चार मोटारसायकली करून टाकणे. चार हजार फेऱ्यांना आता प्रत्येक कॉइलला एका ठिणगीमागे तीस मिलिसेकंद मिळतात. आजच्या कॉइलला भरायला साधारण तीन मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे ती उरलेला वेळ निवांत असते. मोटारींत हा प्रकार उत्पादनात आणणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक स्वीडनची साब, १९८८ च्या ९००० मॉडेलवर. आपल्याकडे मारुतीच्या के-सिरीज इंजिनाचे वरचे झाकण काढले की प्लगच्या विहिरीत उभ्या बसवलेल्या अशा कॉइल दिसतात.

इथवर काम सोपे वाटते. चार कॉइल आणा, चार प्लगवर बसवा, करंट द्या.

पण डिस्ट्रिब्युटर वीज नुसती वाटत नाही. तो वेळही सांगतो. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटून दाब तयार व्हायला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात असे धरले, तर हजार फेऱ्यांना तेवढ्यात क्रँक बारा अंश फिरतो आणि तीन हजारांना छत्तीस अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगला अडकवलेली दोन वजने फिरताना बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. बाजूची व्हॅक्यूमची डबी पायाखालच्या ॲक्सिलरेटरचा अंदाज घेऊन त्यात भर घालते. शाफ्टचे बुश झिजले की हे घड्याळ डळमळते. मग एका सिलिंडरला ठिणगी दोन अंश आधी, दुसऱ्याला तीन अंश उशिरा पडते आणि कितीही फट लावली तरी आयडलिंग बसत नाही.

डिस्ट्रिब्युटर काढला की हे घड्याळ दुसरीकडे बसवावे लागते. रूपांतराचे खरे काम इथेच आहे. क्रँकच्या पुलीवर दात असलेली चकती बसते. एक प्रचलित चकती छत्तीस दातांची, त्यातला एक मुद्दाम काढलेला. दुसरी साठ दातांची, त्यातले दोन काढलेले. समोरच्या सेन्सरला पहिल्या चकतीत दर दहा अंशांना एक दात दिसतो आणि रिकामी जागा आली की इंजिन कुठे आहे ते कळते. त्यावरून एक छोटा संगणक हिशेब करतो: फेरे किती, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम किती, ठिणगी किती अंश आधी. चकती पुलीवर मध्यापासून सरकून बसली किंवा सेन्सरचा ब्रॅकेट थरथरला तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून कॉइलपेक्षा अधिक काळजी या ब्रॅकेटची घ्यावी लागते. तो जाड पट्टीचा असावा आणि शक्यतो थेट इंजिन ब्लॉकला बोल्ट केलेला असावा.

इथे आणखी एक पेच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. क्रँकची चकती बघून या दोन्हींत फरक करता येत नाही. त्यावर स्वस्त तोडगा म्हणजे एक आणि चार, तसेच दोन आणि तीन या जोड्यांना एकदम ठिणगी देणे. जोडीतल्या एका सिलिंडरला ती कामी येते, दुसऱ्यात धूर बाहेर पडत असताना ती वाया जाते आणि काही बिघडत नाही. प्रत्येक कॉइल आपापल्या पाळीलाच चालवायची असेल तर इंजिनाच्या कॅमशाफ्टची खबर हवी. त्यासाठी जुना डिस्ट्रिब्युटरच कामी येतो: पॉइंट, वजने आणि रोटर काढून आत एक हॉल सेन्सर बसवायचा. त्याचा शाफ्ट आधीच कॅमशाफ्टच्या वेगाने फिरत असतो. शिवाय काही इंजिनांत ऑइल पंपाला याच शाफ्टमधून चाल मिळते. अशा इंजिनातला डिस्ट्रिब्युटर पूर्ण काढून भोक बुजवले तर ठिणगी उत्तम पडेल, पण इंजिन तेलावाचून जाम होईल.

कॉइल निवडताना पिना मोजाव्यात. दोन पिनांच्या कॉइलला करंट तोडणारा इग्नायटर बाहेर वेगळा लावावा लागतो. तीन-चार पिनांच्या बऱ्याच कॉइलमध्ये तो आतच असतो, त्यांना संगणकाचा नुसता इशारा पुरतो. एकीची वायरिंग दुसरीला केली तर कॉइल किंवा संगणक, दोहोंपैकी एक जळतो. उभी कॉइल खोल विहिरीसाठी घडवलेली असते. जुन्या पुशरॉड इंजिनात मात्र प्लग बहुधा हेडच्या कडेला उघड्यावर असतात. तिथे ती कॉइल धूळ, पाणी आणि एक्झॉस्टची धग खात हलत राहते. अशा गाडीत कॉइल बाजूला पट्टीवर घट्ट बसवून वीतभर वायरने प्लगला जोडणे बरे. प्लग आतून रेझिस्टन्स असलेले घ्यावेत, नाहीतर ठिणगीचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतो आणि संगणकाला नसलेले दात दिसू लागतात.

फार जुन्या फियाटला अल्टरनेटर नसून डायनामो असतो. आयडलिंगला त्याचा करंट पडतो, संगणकाला ते चालत नाही. म्हणजे खर्चात अल्टरनेटरही आला. कागदपत्रांचेही पाहून घ्यावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला मूळ तपशील बदलेल अशा फेरफारांबाबत आहे. इग्निशनमुळे इंजिन क्रमांक किंवा इंधन बदलत नाही, तरी एमएच-१७ची पाटी असलेल्या गाडीच्या मालकाने श्रीरामपूरच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारलेले चांगले.

एवढे करून ताकद वाढते का? मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ कॉम्प्रेशन ठेवले तर जाणवण्याइतकी नाही. मिळते ते वेगळे: गार सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणे, पावसात न अडणे, एकसारखे आयडलिंग. ज्याला एवढेच हवे, त्याला डिस्ट्रिब्युटर जागच्या जागी ठेवून फक्त पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवता येते. बुश धड असतील तर अर्ध्या दिवसाचे काम. पूर्ण रूपांतर शोभते ते पुढे फ्युएल इंजेक्शन बसवायचे ठरलेल्या गाडीला, कारण चकती, सेन्सर आणि संगणक तिथेही तेच लागतात.

पहिल्यांदा चालू करताना संगणकात ठिणगी दहा अंशांवर बांधून ठेवायची, एक नंबरच्या वायरीला टायमिंग लाइट लावायची आणि पुलीकडे पाहायचे. खडूने पांढरी केलेली खूण दहावरच थबकलेली दिसली तर पडद्यावरचा आकडा खरा. ती बारावर दिसली तर चकती दोन अंश चुकली; तेवढी दुरुस्ती भरायची आणि मगच गाडी रस्त्यावर काढायची.

(पुढील आठवड्यात : कार्ब्युरेटरचे जेट आणि फ्लोट)