बेट बदललं, की कवटीही बदलते

सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही. खिळ्याजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. कॅरिबियन बेटांवरच्या आखूड तोंडाच्या फलाहारी वटवाघळांची कवटी हेच करते. चेहरा आखूड, म्हणून दात जबड्याच्या सांध्याजवळ येतात आणि चाव्याला जोर चढतो. आश्चर्य आहे ते त्यांच्या वाटणीचं. जमैकात अरिटियस, क्युबा-हिस्पॅनिओलात फिलॉप्स, पोर्तो रिकोत स्टेनोडर्मा, लेसर अँटिलिसमध्ये आर्डोप्स: प्रत्येक प्रजातीची आज एकेकच जात उरली आहे. आर्डोप्सच्या तर बेटागणिक उपजाती मानल्या जातात. उडता येणाऱ्या प्राण्यालाही समुद्र असा वेगळा पाडतो!

मुख्य भूमीवरचा त्यांचा नातलग सेंचुरिओ सेनेक्स मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंत आढळतो. त्याचा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. नराच्या हनुवटीखालची कातडीची घडी बुरख्यासारखी तोंडावर ओढली जाते.

याच कुळातलं इक्वेडोरच्या अँडीज पर्वतातलं अनौरा फिस्टुलाटा (वर्णन 2005) मात्र मधुरसावर जगतं. त्याचं तोंड लांब निमुळतं, जीभ शरीराच्या दीडपट; तिचं मूळ थेट छातीच्या पिंजऱ्यात!